न वाजणारा पंखा

पंखा दुरुस्त करणाऱ्याकडे लोक पंखा बंद पडला म्हणून येतात, असा एक समज आहे. माझ्याकडे तसे येत, नाही असं नाही. पण त्याहून जास्त येत ते पंखा वाजतो म्हणून. अकोल्यात मोटार-वाइंडिंगचं दुकान मी उभं आयुष्य चालवलं. जळालेल्या मोटारी नव्या तारेने बांधणं हा खरा धंदा. पण वाजणाऱ्या पंख्यांनी जेवढा माझा जीव खाल्ला तेवढा जळालेल्या मोटारींनी नाही. जळालेली मोटार बिचारी गप्प पडून असते.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असा संपादकांचा आग्रह झाला. गमती पुष्कळ आहेत. पण कागद पुढे घेतला की टॉकीजचा ऑपरेटर सुदाम वानखडे समोर येऊन बसतो, आणि त्याची हकीकत गमतीची नाही. तरी तीच सांगणार आहे.

आधी पंखा वाजतो म्हणजे काय, ते थोडं सांगावं लागेल. पाती एका वजनाची नसली तर पंखा थडथडतो. त्याला इलाज सोपा. पंख्याचा दांडा दोन सुऱ्यांच्या धारांवर आडवा ठेवायचा, जड पातं आपोआप खाली येतं, मग त्याच्या समोरच्या पात्याला कथलाचा ठिपका द्यायचा. दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजलं असेल तर घरघर येते. बुश बदललं की गेली. पंखा पातळ पत्र्यावर बसवला असेल तर पत्राच ढोलासारखा घुमतो. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे दिले की शांत होतो. एवढं कुणीही शिकेल. खरी पंचाईत चौथ्या आवाजाची असते. तो वाऱ्याचा आवाज. लहान पंख्याकडून भरपूर हवा काढायची असेल तर तो वेगात फिरवावा लागतो, आणि वेगात फिरला की किंचाळतोच. वेग कमी करा, आवाज जातो. पण हवाही जाते, आणि ज्याच्यासाठी पंखा लावला ती वस्तू तापायला लागते.

तापणारी वस्तू बोलत नाही, ही त्यातली मेख आहे. पंखा तेवढा ओरडतो. म्हणून जो तो पंख्याचंच तोंड दाबायला धावतो.

आमच्या वऱ्हाडात तर तोंड दाबायचं साधन घरोघरी पडलेलं. कापूस! खाट करकरली, खाली कापूस घाला. दार आपटतं, फटीत कापूस घाला. अमरावतीला एक वकीलसाहेब होते. त्यांच्या टेबलफॅनची मोटार गुंगुं करायची, वाचताना त्रास व्हायचा. त्यांच्या मंडळींनी प्रेमाने त्या मोटारीला रुई भरलेली कानटोपी शिवून घातली, अगदी नाडीसकट. आवाज खरंच कमी झाला. वकीलसाहेब खूश होऊन वाचत बसले आणि थोड्या वेळाने टोपीतून धूर निघाला. पंखा माझ्याकडे आला तेव्हा नाडीची गाठ तशीच होती. “मोटारीला थंडी वाजत नसते,” मी म्हटलं. वकीलसाहेब म्हणाले, “ते आमच्या घरात सांगून पाहा.” मी नवी तार भरून दिली आणि घरात काही सांगितलं नाही.

असे प्रसंग हसण्यावारी जात. टॉकीजचं काम आलं तेव्हाही मला ते त्याच जातीचं वाटलं होतं.

साठ सालाच्या आगेमागे असेल. अकोल्यातल्या एका टॉकीजचे मालक, त्यांना सगळे बाबूजी म्हणत, माझ्या दुकानावर आले. टॉकीजचं नाव सांगत नाही, आता ते राहिलंही नाही. बाबूजी माणूस वाईट नव्हता. पिक्चरचा शौकीन. स्वतःच्या टॉकीजमध्ये शेवटच्या रांगेत बसून रडायचा. त्यांचं गाऱ्हाणं असं की, मशीनरूमचा पंखा फार वाजतो. मशीनरूम बाल्कनीच्या पाठीला लागून, आणि बाल्कनीत सगळ्या घरंदाज बायका. पिक्चर कौटुंबिक. हळू आवाजातले संवाद त्यांना ऐकूच येत नव्हते.

“मिस्त्री, गाने ऐकू येतात, मारामारी ऐकू येते. पन माय पोराशी बोलते ते ऐकू येत नाई. अन् बाया त्याच्यासाठीच तं येतात ना!”

मी म्हटलं, बघतो. दुकानात काम तुंबलेलं होतं, लगेच गेलो नाही.

त्यानंतर काही दिवसांनी एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. पांढरं स्वच्छ लुगडं, हातात पिशवी. टॉकीजच्या ऑपरेटरची बायको, कौसल्याबाई.

“मिस्त्रीभाऊ, तुमी टॉकीजचा पंखा नीट करनार हाये मने. कवा करता?”

“तुम्हाला काय घाई?”

“घाई मले नाई तं कोनाले?” त्या म्हणाल्या. “हे घरी आले का भिंतीले धरून बसतात. डोकं दुखते मनतात. जेवाले बसले का उलटी. काल जिन्यातच बसून राहिले, वर येववेना. मालकाले सांगा मनलं, तं मनतात, पंखा बंद ठेव हे मालकानंच सांगतलं, मी त्याईले काय सांगू?”

मी त्याच दिवशी दुपारच्या खेळाला गेलो.

ज्यांनी टॉकीजची मशीनरूम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी पडद्यावरचा उजेड बल्बचा नसे. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरलेल्या असत, त्यांच्यामध्ये वीज उडत राही, वेल्डिंगसारखी. तो उजेड आरशावरून फिल्मवर आणि फिल्ममधून पडद्यावर जाई. त्याची धग इतकी की फिल्म जागेवर क्षणभर अडकली तरी तिला भोक पडे. जुनी फिल्म तर भडकन पेटायची. आणि कार्बन जळताना धूर निघतो. तो धूर आणि ती धग दोन्ही वर पत्र्याच्या नळीतून बाहेर ओढायला पंखा. आगीच्या भीतीने दार लोखंडी आणि सदा बंद. भिंतीला दोन छोट्या खिडक्या, एकीतून उजेड जातो, दुसरीतून ऑपरेटर बघतो.

अकोल्याचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. त्या खोलीत सुदाम वानखडे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता. घामाने अंगाला चिकटलेला, तरी इस्त्रीचा. तो दर्यापूरकडचा, मीही तिकडचाच, पण गावं वेगळी. त्याच्या घरच्यांनी छप्पन सालात धम्म स्वीकारला आणि गावकीची सगळी कामं, मेलेली ढोरं ओढणं, कातडी सोलणं, एका दिवसात टाकून दिली. घरातला हा पहिला माणूस शहरात येऊन मशीन शिकलेला. ही नोकरी म्हणजे त्याच्या घराचं काय होतं, ते तो शर्ट बघितला की कळायचं.

“बसा भाऊ,” तो म्हणाला. “जरा थांबा हं. रडाचा सीन आला.” आणि त्याने हात वर करून पंख्याचं बटण बंद केलं.

खोली एकदम गप्प झाली. मशीनची टकटक आणि बाहेरून पडद्यावरच्या आईचा बारीक आवाज. धूर नळीत जाईना, तो छताखाली साचून खाली उतरायला लागला. माझे डोळे चुरचुरले, घसा धरला. सुदाम खिडकीला नाक लावून उभा होता, बाहेरची हवा मिळावी म्हणून.

“केव्हा चालू करणार?” मी विचारलं.

“माय मरेलोक बंद ठेवा लागते,” तो म्हणाला. “अन् हे लय हळू मरते, भाऊ.”

बाहेर बाल्कनीत बायका हुंदके देत होत्या. मला ते ऐकवेना. दोन्ही बाजूंनी माणसं गुदमरत होती, पण रडणाऱ्यांच्या पुढ्यात पडदा होता. मी स्वतःच उठून बटण दाबलं. सुदामने लगेच बंद केलं. “तुमी जासान, मले इतंच राहा लागते,” म्हणाला. आवाजात राग नव्हता.

बाबूजींना मी सांगितलं, पंखा बंद ठेवू नका, माणूस मरेल. त्यांना ते पटलं नाही, पण अगदीच उडवूनही लावलं नाही. “दोन-दोन मिनिटाचे तं सीन हाये, मिस्त्री. तुमी आवाज बंद करून द्या, मंग मी कायले पंखा बंद करतो? बाल्कनी खाली पडली तं टॉकीज चालत नाई, अन् टॉकीज चालली नाई तं सुदाम कुठं जाईन?” तेही खोटं नव्हतं.

सगळे आधी करतात तेच मीही करून पाहिलं. मोटारीला विजेचा अडसर लावून वेग कमी केला. आवाज गेला. बाबूजींनी मला चहा पाजला. दुसऱ्या खेळाला मशीनरूममध्ये मोटारीच्या तारेवरचं वार्निश जळाल्याचा वास सुटला. मोटार स्वतःच्याच वाऱ्याने थंड राहते. तिला हळू फिरवलं की ती स्वतःच तापते. ती बंद करतोय तोवर मशीनच्या आतून टणकन आवाज झाला. धग न निघाल्याने आरसा तडकला होता. खेळ थांबला, पब्लिकने खुर्च्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जुना वेग, आणि रडायच्या सीनला पुन्हा पंखा बंद.

मग नीट विचार केला. हवा तेवढीच पाहिजे आणि आवाज नको, तर पंखा मोठा पाहिजे आणि तो सावकाश फिरला पाहिजे. मोटार मात्र तिच्या वेगाने पळू द्यायची. तिच्यावर लहान चाक, पंख्यावर मोठं चाक, मध्ये पट्टा. बंद पडलेल्या एका जिनिंगमध्ये कापूस ओढायचा जुना पंखा गंजत पडला होता. तो आणला, पाती घासली, तोलली. मशीनरूममधून उचलून तो गच्चीवर बसवला, खाली जाड रबर. चालवून पाहिला. खूपच छान, पण पत्र्याच्या नळीतून त्याची गुरगुर खाली यायचीच. पत्रा पत्र्याला जोडलेला असला की आवाज त्यावरून चालत येतो. मध्ये कुठेतरी नळी तोडून मऊ तुकडा घालायला हवा होता.

मला आमच्या शेतातली मोट आठवली. वडिलांनी नुकतंच विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं होतं, मोट गोठ्यात टांगून ठेवलेली. मोटेची सोंड म्हणजे चामड्याची तयार नळीच. ती एसटीतून घेऊन आलो, वास इतका की शेजारचा प्रवासी उठून उभा राहिला. नळीत घातली. अगदी मापात बसली. पंखा लावला, आणि खाली मशीनरूममध्ये काहीच ऐकू आलं नाही. बाबूजी आनंदाने हसायलाच लागले.

“फक्त याला अधूनमधून तेल लावावं लागेल,” मी म्हणालो, “नाहीतर चामडं वाळून तडकेल. आणि एक शिवण उसवली आहे.”

बाबूजी चटकन म्हणाले, “त्यात काय? सुदाम हाये ना. तोच शिवन अन् तोच तेल लावन. पिढीजात काम हाये त्याईचं.”

बोलले ते सहज. त्यांच्या मनात काही नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. सुदाम कार्बनची कांडी बदलत होता. ती त्याने नीट बसवली, हात पुसले.

“होतं, बाबूजी,” तो म्हणाला. “आता नाई. चामड्याले मी हात लावनार नाई.”

“अरे, पन तुह्यासाठीच तं चाललं हे सगळं!”

“मालूम हाये. जुना पंखा लावून द्या. बंद ठेवाचा तं बंद ठेवतो. पन हे माह्याच्यानं होनार नाई.”

ज्या धुराने त्याला जिन्यात बसवलं होतं त्या धुरात उभं राहायला तो तयार होता. बाबूजींचा चेहरा लाल झाला. मालकाला नाही ऐकायची सवय नसते. “काम करायचं नसन तं...” एवढं म्हणून ते थांबले. पुढचं वाक्य सुदामने ऐकून घ्यायची तयारी ठेवलेली दिसत होती. मी गच्चीवर गेलो, सोंड सोडवली आणि पोत्यात भरली. माझ्या हाताला दुसरं काही सुचलं नाही.

तिवसा इथे एका फिरत्या टॉकीजवाल्याचा जुना तंबू विकायला होता, हे बाबूजींनाच माहीत होतं. दोन दिवस ते माझ्याशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या तंबूच्या कनातीचा जाड तुकडा माझ्या दुकानात टाकून म्हणाले, “पाहा, चालते का हे.” चाललं. चामड्यापेक्षा चांगलं चाललं, कारण कापडाला तेल नको. कौसल्याबाईंनी ते दुहेरी करून दाभणाने शिवून दिलं. त्यांची शिवण इतकी घट्ट की पुढे कापड विरलं, शिवण नाही.

आता मशीनरूममध्ये पंखा चालू आहे की बंद, हेच कळेना. बाबूजी दोनदा वर येऊन विचारून गेले, “चालू हाये ना?” तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी एक नवीन संकट तयार करून ठेवलं आहे. जुना पंखा बंद पडला असता तर बहिऱ्यालाही कळलं असतं. हा गच्चीवर मुकाट बंद पडला तर धूर छातीत गेल्यावरच समजणार. मग मी लाल पतंगी कागदाची एक पट्टी नळीच्या तोंडाशी चिकटवली. हवा ओढली जात असली की पट्टी वर उडत राहील. सुदामला म्हटलं, “पडद्याकडे एक डोळा, हिच्याकडे एक.”

“अन् पट्टी पडली तं?”

“तर मशीन बंद. त्या वेळी कोण काय म्हणतं ते बघू नका.”

त्याने पट्टीला बोट लावून पाहिलं. ज्याने बायकोला ‘मी त्याईले काय सांगू’ म्हटलं, तो हे करील, अशी माझी खात्री नव्हती.

पुढल्या वैशाखात एका रविवारी बाबूजींनी मला घरच्यांसकट बाल्कनीत बसवलं होतं. टॉकीज भरलेली. पिक्चर दुसरं होतं, पण आई त्यातही मरत होती. ती मुलाचा हात हातात घेऊन काहीतरी सांगायला तोंड उघडते, आणि पडदा काळा झाला. दिवे लागले. खालून शिट्ट्या, शिव्या, खुर्च्यांची आदळआपट सुरू झाली. माझ्या पाठीमागचं लोखंडी दार उघडलं आणि सुदाम बाहेर आला. शर्ट भिजलेला, हातात लाल पट्टी.

बाबूजी धावत वर आले. “काय झालं? लाव, लाव!”

“पंखा बंद पडला, बाबूजी. पट्टा तुटला असन.”

“अरे, सीन तं पुरा कर! दोन मिनिट हाये, मंग इंटरव्हलच हाये!”

“मांगंही दोन-दोन मिनिटंच होते,” सुदाम म्हणाला. तो ओरडला नाही. पण बाल्कनीतल्या बायका मागे वळून बघायला लागल्या होत्या. “चला, तुमी माह्याजवय अंदर उभे राहा. दार लावतो. तुमी राहून राहिले तं मी मशीन लावतो.”

बाबूजी उघड्या दाराकडे बघत राहिले. आतून धूर बाहेर येत होता. त्यांनी एक पाऊल आत टाकलं, खोकले आणि तिथेच थांबले. खालून कोणीतरी टॉकीजच्या मालकाच्या सात पिढ्या काढत होतं. मग ते वळून बाल्कनीच्या कठड्याशी गेले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, “भाऊ लोकहो, बसा! पंखा नीट होऊन राहिला. आमचा मानूस अंदर हाये. पंखा लागल्याबिगर पिक्चर लागनार नाई.”

पट्टा मी बदलला. वेळ लागला, काही लोक पैसे मागून गेले, बरेच बसून राहिले. त्या दिवसापासून त्या टॉकीजमध्ये पंख्याशिवाय मशीन लागलं नाही. मालक गावाला गेलेले असोत, की नवीन मॅनेजर आलेला असो.

इथे थांबलो असतो तर गोष्ट बरी झाली असती. पण सुदामचा खोकला गेला नाही. मोठा पंखा बसण्याआधीचे महिने, त्याही आधीची वर्षं, सगळा धूर छातीत साचलेला होता. काही वर्षांनी तो सरकारी दवाखान्यात पडला. छाती निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. कशाने, ते त्यांना नक्की सांगता आलं नाही, मलाही येणार नाही. पण एक गोष्ट मला आजही डाचते. तो पंखा वाजतो ही तक्रार बाबूजींनी केली, बाल्कनीने केली, सगळ्या अकोल्याने केली. आत माणूस तापतोय, ही तक्रार फक्त त्याच्या बायकोने केली.

मी भेटायला गेलो ती दुपार होती. वॉर्डात उकडत होतं. सुदामच्या खाटेवरचा पंखा भयंकर खडखडत होता, बुश पार गेलेलं. माझ्याने राहवेना. पिशवीत हत्यारं होतीच. कौसल्याबाईंना म्हटलं, जरा सरका, आणि स्टूल ओढून वर चढलो. बटण बंद करायला मी कुणाला सांगणार, तेवढ्यात सुदामने माझा पायजमा धरला. बोटांत जोर नव्हता.

“राहू द्या, भाऊ.”

“अरे, झोप कशी लागते तुला या आवाजात?”

“याच्यानंच लागते,” तो म्हणाला. मध्ये थांबून त्याने श्वास घेतला. “चालू हाये, हे डोये मिटूनही समजते.”

मी स्टुलावरून खाली उतरलो. हत्यारं पिशवीत टाकली आणि खाटेच्या कडेला बसलो. त्याने डोळे मिटले. कौसल्याबाई वर पंख्याकडे बघत होत्या, मीही बघत राहिलो. तो खडखडत होता तोवर आम्ही दोघंही हललो नाही.